कोइंबतूरचे नारिंगी कोन आणि मामाची स्विफ्ट

कोइंबतूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बहुतेकांना उटी आठवते. म्हणजे कोइंबतूर हे उटीला जाताना उतरायचं आणि लगेच पुढची गाडी पकडायची असं गाव. कुणाला आदियोगीची भव्य मूर्ती आठवेल, तर कुणाला स्वयंपाकघरातला इडलीचं पीठ वाटायचा वेट ग्राइंडर. कोइंबतूरच्या या ग्राइंडरला जीआय मानांकनसुद्धा आहे. पण गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला विचारलंत, तर तो यातलं काहीच सांगणार नाही. त्याच्यासाठी कोइंबतूर म्हणजे भारतातल्या मोटर रेसिंगचं माहेर.

तुमच्या घरात असं वेड असलेलं कुणी आहे का? मुलगा, मुलगी, नवरा, भाचा, किंवा तुम्ही स्वतः? घरच्या गाडीकडे बघून 'हिला जरा मस्त एक्झॉस्ट लावला तर...' असं कुणी म्हणायला लागलं असेल, तर हा लेख आधी तुम्ही वाचा आणि मग त्याला किंवा तिला पाठवा. कारण मी कोइंबतूरला गेले होते ते फिरायला आणि मामाकडे राहायला, पण दोन दिवसांतला मोठा वेळ गेला तो एका यादीवर. मामेभावाच्या फोनमध्ये ती यादी होती आणि तिची बेरीज होती १,१८,००० रुपये.

यादीकडे येतेच. आधी शहर पाहू.

बंगळूरहून वंदे भारतने निघालं की होसूर, सेलम, इरोड, तिरुपूर करत तुम्ही कोइंबतूरला पोहोचता. तिरुपूर सोडलं की खिडकीतून एक गोष्ट लक्षात येते. इथे कारखाने शहराबाहेर पाठवलेले नाहीत, ते घरांच्या शेजारीच आहेत. एक नारळाची बाग, एक ओतशाळा, मग एक शाळा, मग लेथ मशीनची दोन शटरं. कापडगिरण्यांमुळे या शहराला दक्षिणेचं मँचेस्टर म्हणायचे. गिरण्यांना यंत्रं लागतात, यंत्रांना सुटे भाग लागतात, आणि सुटे भाग करणारी माणसं जिथे गल्लोगल्ली असतात, तिथे गाड्यांशी खेळ सुरू होणारच.

त्या खेळाची दोन मोठी नावं सांगते. पहिलं जी. डी. नायडू. १९२० मध्ये त्यांनी एका बसगाडीवर पोल्लाची ते पळनी अशी वाहतूक सुरू केली, आणि पुढे इतक्या वस्तू बनवल्या की लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणू लागले. अविनाशी रोडवर त्यांच्या संस्थेचं 'जीडी कार म्युझियम' आहे. मुलांना घेऊन जा. देशोदेशीच्या जुन्या गाड्या तिथे आहेत, आणि आजोबा लोकांना तिथून बाहेर काढणं कठीण होतं, हे मी पाहिलं आहे.

दुसरं नाव एस. करीवर्धन. गिरणी-उद्योगातला हा माणूस रेसिंगसाठी वेडा होता. पण त्याचं मोठं काम स्वतः वेगात गाडी चालवणं हे नव्हे. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याने मारुती ८००चं इंजिन वापरून एक सीट असलेली रेसिंग कार तयार केली. तिला लोक फॉर्म्युला मारुती म्हणू लागले. जरा विचार करा, ज्या इंजिनावर तुमचे काका महाबळेश्वरला जायचे, तेच इंजिन! परदेशी इंजिन घ्यायची ऐपत नसलेली मुलं त्या गाडीत शिकली. याच कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन सुरुवातीला फॉर्म्युला मारुती चालवायचा, आणि २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. करीवर्धन ते बघायला नव्हता. १९९५ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला. त्याच्या नावाने शहराच्या दक्षिणेला चेट्टीपाळयम इथे 'करी मोटर स्पीडवे' उभा आहे. २००३ मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात महागडं काहीच नाही. पण माझ्या मामेभावाला हीच गोष्ट मी ऐकवली तेव्हा तो म्हणाला, "ताई, ते जुन्या काळी ठीक होतं."

आता तुम्ही म्हणाल, सांगलीच्या माणसांचा मामा कोइंबतूरला कसा? विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या वाचकांना हा प्रश्न पडणार नाही. त्या दुष्काळी पट्ट्यातली हजारो कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. सराफांकडचं जुनं, मिसळलेलं सोनं, कारागिरांच्या पाटावरची धूळसुद्धा आटवून त्यातून शुद्ध सोनं काढायचं, याला गलाईचं काम म्हणतात. कोइंबतूर हे दागिने घडवणाऱ्यांचं मोठं शहर आहे, त्यामुळे इथे गलाईवाले मराठी लोक खूप. राजा स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरताना अचानक 'आरं, च्या घेतला का?' असं कानावर आलं तर दचकू नका. माझा मामा तीस वर्षं इथे आहे. मामी साडी नेसते मराठी, सांबार करते तमिळ, आणि भावाला रागावते दोन्ही भाषांत.

भाऊ तेवीस वर्षांचा आहे. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत त्याची पहिली नोकरी. वर्षभर साठवलेले पैसे त्याला गाडीवर लावायचे होते. गाडी अर्थात मामाची, पाच वर्षांची पेट्रोल स्विफ्ट. याच गाडीतून मामी मंडईला जाते, आणि याच गाडीतून दर वर्षी जत्रेला हजार किलोमीटरवर गावी जातात.

त्याला करायचं होतं ऑटोक्रॉस. हा शब्द तुमच्यासाठी नवा असेल तर थोडक्यात सांगते. मोठं मोकळं मैदान किंवा धावपट्टी घ्यायची, त्यावर नारिंगी ट्रॅफिक कोन लावून नागमोडी वाट आखायची, आणि एका वेळी एकाच गाडीने ती घड्याळाविरुद्ध पार करायची. शेजारी दुसरी गाडी नाही, धडक द्यायला भिंत नाही. कोन पाडला की वेळेत दंड वाढतो. अमेरिकेत, जिथे हा खेळ फार मोठा आहे, तिथे एका कोनाला २ सेकंद धरतात. तिथली राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात, जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर होते. आपल्याकडेही रेसिंगची सुरुवात धावपट्टीवरच झाली. चेन्नईजवळच्या शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर कित्येक वर्षं शर्यती व्हायच्या.

आपल्याकडे ऑटोक्रॉस कधी डांबरावर होतं, कधी मातीवर. अनेक स्पर्धांत महिलांचा वेगळा गट असतो. घरची साधी गाडी, चालक परवाना आणि चांगलं हेल्मेट एवढ्यावर सराव सुरू करता येतो. अधिकृत स्पर्धा असेल तर देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना लागतो. तो आयोजक सांगतातच. वेग तसा फार नसतो. बहुतेक फेरी दुसऱ्या गिअरमध्येच जाते. हायवेवर आपण रोज यापेक्षा जोरात जातो, फक्त तिथे वळत नाही.

आता यादी. मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट. इंजिनच्या संगणकाचं ट्यूनिंग. सतरा इंची अलॉय व्हील्स. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. मागे छोटा पंख. सगळ्यांत शेवटी, प्रश्नचिन्हासह, 'टायर?'

मामा यादी वाचून एवढंच म्हणाला, "लेका, गाडी तुझी न्हाई, घराची हाय." मग थोडं थांबून, "आन आधी गाळून बघ की, किती सोनं निघतंय. भाव मग कर."

रविवारी शहराबाहेर एका डांबरी मैदानावर स्थानिक हौशी लोकांचा सराव होता. भावाने नाव दिलं होतं, कारण त्याला 'आधीचा टाइम' हवा होता, म्हणजे पैसे लावल्यावर किती फरक पडला ते मोजता येईल. विचार शहाणपणाचा होता, आणि त्यानेच पुढे त्याचे पैसे वाचवले.

पहाटे निघालो. पालघाटच्या खिंडीतून येणारा वारा कोइंबतूरला पंख्यासारखा लागतो, सकाळी तर छानच. वाटेत अन्नपूर्णामध्ये सांबार-वडा खाल्ला. वडा सांबारात पूर्ण बुडवून देतात, वर कच्चा कांदा. हे खाल्ल्याशिवाय कोइंबतूर सोडू नका, मग तुम्हाला गाड्यांत रस असो वा नसो.

मैदानावर पहिलं काम होतं गाडीची तपासणी. आयोजकांपैकी एक जण प्रत्येक गाडीभोवती फिरत होता. बॅटरी हलते का, चाकांचे नट घट्ट आहेत का, ब्रेकचा पेडल मऊ लागतो का, कुठे तेल गळतंय का. मग आतलं सामान. डिकीतली मामीची पाण्याची कॅन, छत्री, जॅक, स्टेपनी, सीटखालची चप्पल, चालकाच्या पायाखालची मॅट, सगळं बाहेर. मॅट सरकून पेडलखाली अडकली तर काय होईल ते तुम्हीच बघा. घरच्या रोजच्या गाडीतही एकदा तपासा, मी परत आल्यावर आमच्या गाडीत तपासलं. शेवटी डॅशबोर्डवरचा गणपती. दुहेरी टेपने चिकटवलेला, पण टेप जुनी. तपासणारा हात जोडून म्हणाला, सुटला तर तुम्हालाच लागेल. मामी काही बोलली नाही. तिने गणपती काढून पदरात घेतला आणि दिवसभर मांडीवर ठेवला.

मग सगळ्यांनी वाट पायी चालून पाहिली. हे मला फार आवडलं. हेल्मेट काखेत घेऊन वीस-पंचवीस माणसं कोनांमधून वाऱ्यावर हात वळवत चालत होती, मनातल्या मनात गाडी चालवत. आडवा पडलेला कोन बाणासारखा असतो, त्याचं टोक ज्या बाजूला तिकडे वळायचं.

भावाची पहिली फेरी ६३.८ सेकंद. दुसरी ६१.२, पण दोन कोन पाडले आणि तिथलाही नियम एका कोनाला २ सेकंदांचा, म्हणजे ६५.२. तिसरी ५९.६. प्रत्येक वळणावर टायर किंचाळत होते आणि गाडीचं नाक वळणाबाहेर सरकत होतं. उतरल्यावर तो म्हणाला, "बघितलंस? गाडीत दमच नाही."

शेजारी एक जुनी झेन उभी होती. तिचे मालक पन्नाशीचे, लेथचं वर्कशॉप चालवणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. त्यांनी भावाला विचारलं, मी चालवू का तुझी गाडी? तू शेजारी बस. स्पर्धा नव्हती, सराव होता, त्यामुळे आयोजकांनी परवानगी दिली. अण्णा बसले, आधी सीट दोन घरं पुढे घेतली, पाठ सरळ केली, बेल्ट झटका देऊन घट्ट ओढला. आणि निघाले.

बाहेरून बघताना ती फेरी संथ वाटली. टायर कमी ओरडले. घड्याळाने ५४.३ दाखवलं.

तीच गाडी, तेच टायर, तेच इंजिन, शिवाय आत एक जास्तीचा माणूस. ५.३ सेकंदांचा फरक. भाऊ उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. अण्णा तमिळमध्ये म्हणाले, "तंबी, टायर पेसुदु." म्हणजे, बाळा, टायर बोलतोय.

पुढचा अर्धा तास अण्णांनी जे सांगितलं, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार जागी, आणि प्रत्येक जागा साधारण तुमच्या तळहाताएवढी. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांचं म्हणणं शेवटी या चार तळहातांतूनच रस्त्याला कळतं. टायरच्या पकडीला महिन्याचा पगार समजा. ती ठरलेली आहे. सगळी ब्रेकवर उडवली तर वळायला शिल्लक राहत नाही, आणि म्हणून स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाते. नवखा चालक वळणात उशिरा आणि जोरात ब्रेक मारतो, एकाच वेळी स्टिअरिंगही वळवतो, आणि मग गाडीला दोष देतो. आधी सरळ रेषेत ब्रेक, मग सोडत सोडत वळण, मग हळूच ॲक्सिलरेटर. एवढं जमलं की सेकंद आपोआप गळतात. तिथे पैशाचं काम नाही.

मग हवा. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर टायरमधल्या हवेचा दाब लिहिलेला असतो. तुम्ही शेवटचा कधी वाचला होता? अण्णांनी खिशातून शाळेतला खडू काढला आणि टायरच्या कडेवर, जिथे जमिनीला टेकणारा भाग संपून बाजू सुरू होते, तिथे रेघा ओढल्या. एक फेरी मारून आल्यावर बघायचं, खडू कुठपर्यंत पुसला गेला. बाजूवरचा खडूही पुसला असेल तर वळताना टायर आडवा लोळतोय, थोडी हवा वाढवा. कडेपर्यंतही पुसला नसेल तर हवा जास्त आहे. पुढच्या चाकांना ओढणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या बहुतेक घरगुती गाड्यांत, पुढच्या टायरांवर सगळा भार येतो, त्यामुळे तिथे हा फरक चटकन दिसतो. भावाच्या पुढच्या टायरांचा खडू बाजूवरून साफ गेला होता. खडूची किंमत एक रुपया. घरी परतण्याआधी हवा पुन्हा स्टिकरप्रमाणे करायची, हे विसरू नका.

टायरवर आणखी एक गोष्ट वाचा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३५२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. मामाचे टायर गाडीइतकेच जुने होते. नक्षी शिल्लक दिसत होती, पण रबर कडक झालं होतं. 'टायर?' हा यादीतला शेवटचा शब्द पहिला व्हायला हवा होता, आणि तोही रेसिंगसाठी नाही, मामीसाठी.

पण मऊ, चिकट, महागडे स्पोर्ट टायर लगेच घेऊ नका, असं अण्णा म्हणाले. मला आधी हे उलटं वाटलं. कारण असं, की साधा टायर सुटण्याआधी ओरडतो, इशारा देतो, आणि हळूहळू सुटतो. चिकट टायर तुमच्या चुका झाकतो, आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो. शिकायला बोलका मास्तर बरा. अनेक टायरांवर 'ट्रेडवेअर' असा आकडा असतो. तो जितका कमी, तितकं रबर साधारणपणे मऊ आणि लवकर झिजणारं. अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसच्या साध्या गाड्यांच्या गटात २००च्या खालचा टायर चालतच नाही. पहिल्या वर्षी घरगुती चांगला टायर, कंपनीच्याच मापाचा, पुरे.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि ब्रेकचं तेल. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की तापल्यावर दगा देतं. ते बदलायला फार खर्च येत नाही आणि कित्येक घरांत वर्षानुवर्षं कुणाला आठवत नाही. मोठ्या डिस्क, भारी ब्रेक किट यांची गरज नाही, कारण एका मिनिटाच्या फेरीत ब्रेक तितके तापतच नाहीत. सीटवरचं गुळगुळीत रेक्झिनचं कव्हर मात्र काढा. घसरणारा चालक स्टिअरिंगला लोंबकळतो, आणि लोंबकळणारा हात नीट वळवू शकत नाही. हा तर फुकटचा बदल.

बाकी यादीचं काय? साध्या पेट्रोल इंजिनावर एक्झॉस्टने आणि ट्यूनिंगने मिळणारी ताकद थोडीच, आवाज मात्र खूप. ऑटोक्रॉसमध्ये वेळ जातो वळणात, तिथे ताकदीचा काय उपयोग? सतरा इंची चाकं दिसतात देखणी, पण बहुधा जड असतात, आणि आपल्या खड्ड्यांत पातळ टायर म्हणजे वाकलेली रिम. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणं तर धोक्याचंच, शिवाय प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासणार. चांगले शॉक ॲब्सॉर्बर, मागचा जाड अँटी-रोल बार, या खऱ्या कामाच्या गोष्टी आहेत. पण त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. गाडी काय करतेय हे तुम्हाला कळायला लागलं, तरच काय बदलायचं ते कळेल. पंखाबद्दल अण्णा फक्त हसले.

इथे घरातल्या मोठ्यांनी कान द्यावा असे दोन मुद्दे आहेत. एक कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. रेसिंगसाठीच ठेवलेली, ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. दुसरा विम्याचा. तुमच्या गाडीची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी हे त्यात सरळ वगळलेलं असतं. म्हणजे मैदानावर काही झालं तर खर्च तुमचा. गाडी आई-बाबांची असेल तर हे त्यांना आधी सांगा, नंतर नाही. भावाने सांगितलं नव्हतं. मामाला ते मैदानावर कळलं, आणि परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी मामाच म्हणाला, पुढच्या वेळी कागद मला दाखवून जायचं. 'पुढच्या वेळी' हे शब्द भावाने बरोबर ऐकले.

त्या दिवशी दुपारी त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या. हवा बदलून, सीट पुढे घेऊन, कव्हर काढून. ५८.१, आणि मग ५७.४. कोन एकही नाही पाडला. सकाळच्या पहिल्या फेरीपेक्षा ६.४ सेकंद कमी, आणि खर्च शून्य. अण्णांचे ५४.३ अजून दूरच होते, आणि ती दरी पैशाने भरणार नव्हती, हे त्याला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

महिन्याभराने त्याने नवी यादी पाठवली. चार टायर. एक चांगलं फुल-फेस हेल्मेट. ब्रेकचं तेल, अलाइनमेंट. हवेचा दाब मोजायचं मीटर. सहा सरावांची फी आणि पेट्रोल. बेरीज निम्म्याच्याही खाली आली होती. उरलेल्या पैशांतून त्याने मामीला नवा ग्राइंडर घेतला, जो अर्थातच तिने आधी "कशाला?" म्हणून नाकारला.

तुम्हाला हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर जानेवारी उत्तम. हवा सुखद असते, आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची 'फॉर्म्युला भारत' स्पर्धा त्या सुमारास करी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. मुलं स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग कार घेऊन येतात, मुंबई-पुण्याच्या कॉलेजांचे संघही असतात, आणि त्यांच्या परीक्षांपैकी एक ऑटोक्रॉसच असते. रात्रभर जागून गाडी जुळवणारी, हाताला ग्रीस लागलेली ती विशीची पोरं-पोरी बघायला दहावी-बारावीच्या मुलांना जरूर न्या. ट्रॅक शहरापासून जरा लांब आहे आणि सगळ्या दिवशी सगळ्यांना आत सोडतात असं नाही, तेव्हा तारखा आणि प्रवेशाची चौकशी आधी करा. एक दिवस ट्रॅकला, अर्धा दिवस म्युझियमला, एक संध्याकाळ राजा स्ट्रीटला ठेवा. परतीच्या गाडीत बसण्याआधी बाटली भरून सिरुवाणीचं गोड पाणी घ्या, कोइंबतूरकरांना त्याचा भारी अभिमान. आणि मैदानावर जाणार असाल तर टोपी आणि जुने बूट हवेतच. तिथे सावली नसते, आणि पडलेले कोन उचलायला कुणालाही पळवतात. मी अकरा उचलले.